हौसाबाईंची वाटी

३ फेब्रु. १९७२, गुरु.
साहेबांनी कारखान्याच्या कँटीनसाठी टाईप केलेला कागद दिला. शंभर माणसांची आमटी. मीठ, तिखट, काळा मसाला, सगळं ग्रॅममध्ये. तराजू मात्र स्टोअरचा, तो मिळणार नाही! महिनाअखेर मला नोकरीत पक्कं करायचं की नाही, ते यावरच ठरणार. स्वयंपाकाच्या हौसाबाई कागदाकडे बघून म्हणाल्या, "भाऊ, मला ह्या वाटीबिगर दुसरं माप ठावं न्हाई." वाटी पितळी, त्यांची स्वतःची.

५ फेब्रु., शनि.
वाटी घेऊन वाण्याकडे गेलो. एकाच वाटीत मीठ सव्वाशे ग्रॅम, तिखट जेमतेम पन्नास! मी आपला दोन्ही सारखंच धरून बसलो होतो. गाढव. संध्याकाळी तक्ता केला: मीठ दोन वाट्या, तिखट चार, मसाला तीन. बाईंना वाचता येत नाही म्हणून वाट्यांची चित्रं काढली. नागापुरातल्या कुठल्याच कारखान्यात असा तक्ता नसेल.

७ फेब्रु., सोम.
वाटोळं. आमटी तोंडात धरवेना. लेथवाले ताटं सारून उठले. साहेबांनी विचारलं, चूक कुणाची? तक्ता तर बरोबर होता. मी बाईंचं नाव सांगितलं.

८ फेब्रु., मंगळ.
आज शेजारी उभं राहून पाहिलं. प्रत्येक वाटी शिगोशीग! वर डोंगर.
"अहो, शीग कशाला?"
"सपाट माप व्हय? जेवनाऱ्याला? आमच्यात वैऱ्यालाबी कुनी सपाट घालत न्हाई."
वाण्याकडे मी पुठ्ठ्यानं वाटी सपाट केली होती. ते बाईंना सांगितलंच नाही. चित्रात वाटीच्या तोंडावर एक रेघ मारायला काय झालं होतं?
दुपारी साहेबांचा हुकूम आला. बाई उद्यापासून बंद. मी तिथेच होतो.

९ फेब्रु., बुध.
बाई सकाळच्या एस्.टी.नं आपल्या गावी, तिसगावला गेल्या. वाटी पदरात बांधून नेली. नव्या आचाऱ्यानं तक्ता पाहून विचारलं, "कुठली वाटी?"
घरची स्टीलची आणली. तिच्यात निम्मंही मावत नाही.

१४ फेब्रु., सोम.
शुक्र. खारट, शनि. तिखट, आज अळणी. अंदाजानं माप कितीदा बदललं. वैताग आला. लेथवाले विचारतात, "बाई कुठं गेल्या हो?" साहेब म्हणाले, "तुमचं बघू महिनाअखेरीला." तक्ता अजून भिंतीवर आहे. फाडून टाकावासा वाटतो. तोही होत नाही.

२० फेब्रु., रवि.
तिसगावला गेलो. बाई अंगणात हुलगे निवडत होत्या. गुळाचा चहा दिला. माझ्या तोंडून बाहेर पडलं एवढंच, "वाटी हवी होती, मापापुरती."
पिठाच्या डब्यातून काढली, पुसली, हातात दिली. "न्या की. काम झालं म्हंजी धाडून द्या."
लाज वाटली. उठलो तर दारापर्यंत आल्या.
"भाऊ, तुमी सायबाला काय सांगितलं हुतं माझ्याबद्दल?"
एस्.टी. चुकेल म्हणालो. फाट्यावर येऊन पाऊण तास बसलो.
वाटी आता टेबलावर आहे. बुडाला पीठ चिकटलंय. साहेब उद्या नऊला येतात.