अर्धा कट

२ मार्च
रामहरी गेला. पंधरा वर्षं माझ्या लेथवर टर्नर होता. आज म्हणाला, मालक, स्टँडमागं सोताचा लेथ टाकलाय. विश्वासघात. सगळं मी शिकवलं त्याला. काय शिकवलं ते आत्ता आठवत नाही. जाताना वर सल्ला: मालक, कट अर्धाच घ्या, दुप्पट जातंय. म्हणजे मला अर्धंच जमणार, असा टोमणा.

३ मार्च
संकल्प: लेथ स्वतः चालवायचा. अवघड काय आहे? लोखंड फिरतं, आपण टूल टेकवायचं, नको तेवढं निघून जातं. आबांनी केजमध्ये याच लेथवर नाव कमावलं. मी त्यांचाच मुलगा.

४ मार्च
लेथ पुसला. कंबर धरली.

५ मार्च
रामहरीची पाटी लांबून पाहिली. 'गुरुकृपा लेथ वर्क्स'. गुरू म्हणजे मी. लाजला असेल मनात. माफ करायचं की नाही, विचार चालू.

६ मार्च
घाटनांदूरचा तानाजी आला. रसवंतीच्या चरकाचा शाफ्ट करायचाय, उद्या चारला हवा, परवा रसवंतीचा नारळ फुटणार. म्हणाला, रामहरी कुटंय? मी म्हणालो, चहाला गेलाय.

७ मार्च, सकाळी ११
शाफ्ट ३७ मिलिमीटर जाड. बेअरिंग बसायला ३५ हवा. दोन काढायचे. हँडल बरोबर दोनवर. निळसर कीस गुंडाळत निघाला. ऊर भरून आला.

११.४०
३३ भरला. मोजायचा व्हर्निअर बिघडलाय.

११.५०
बेअरिंग घालून पाहिलं. बांगडीसारखं फिरतंय. लेथही रामहरीला सामील.

दुपारी १
कळलं. शाफ्ट गोल फिरतो, त्यामुळे दोन या बाजूचे जातात आणि दोन त्या बाजूचे. अर्धा कट म्हणजे हे. मग सरळ सांगायचं ना. गेलेलं लोखंड परत येत नाही. फेव्हिक्विक लावून पाहिलं.
योगिताला फोन केला. बायको म्हणून धीर देईल वाटलं. ती म्हणाली, जावा की रामहरीकडं. मेलो तरी जाणार नाही.

दुपारी २
रामहरीकडं निघालोय. फक्त बघायला. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून शाफ्ट घेतलाय.

रात्री
चारला तानाजीनं नव्या शाफ्टवर अंगठा फिरवला. म्हणाला, आला वाटतं रामहरी चहा पिऊन. मी हो म्हणालो.
बाकीचं लिहिणार नव्हतो. रामहरीनं काही न विचारता नवा रॉड लावला. हँडल एकवर. मला वाईट वाटलं, ते मी दाखवलं नाही. त्याच्या लेथवर हार घातलेला फोटो होता. गुरूचा. मी कॉलर नीट करून जवळ गेलो.
आबा होते.
विचारलं, हा कुठून आणला. म्हणाला, मालक, तुमच्याच दुकानातला हाय. किसाच्या पोत्यामागं पडलता सात वरसं. नेऊ का म्हणून इचारलतं, तुमी मोबाइलमधनं मान वर न करता ने म्हणलाव.
ताज्या झेंडूचा हार होता. आबाही तिकडंच गेले.