यादीतला दवाखाना मागं राहिला

४ फेब्रुवारी, मंगळवार. सांगली, दवाखान्याचा बाक
आधी आली ती मंगल, माझी भावजय. घडी मोडून नवी साडी, जसं काय वास्तुशांतीला आली. नारळपाणी आणलं, तेबी एकच. तिच्यामागनं डॉक्टरची आई त्रिशला आली. त्रिशला नि मी तासगावात तिसरीपर्यंत एका बाकावर. पुढं ती शाळेत गेली, मी शेळ्यांमागं. आता तिचा अरिहंत हार्टाचा डॉक्टर. काल ह्यांच्या छातीत कळ आली तवाच मी ठरवलं, न्यायचं तर त्रिशलाच्या पोराकडं. त्यानं नळी उघडून स्प्रिंग बसवली. हे आज पेज प्याले.
डायरी खताच्या दुकानातली. नात अंकितानं दिली, गोळ्यांच्या वेळा लिहायला. गोळ्या पुढनं, माझं मागनं. वेळा बरोबर लिहायच्या असं ठरवलंय. कालच्या:
घर सोडलं ८.१०.
म्हसवड ८.३०. सिद्धनाथाचा गुलाल आणला. मी एकटीच उतरले.
विटा १०.१०. मोठा दवाखाना लागला. धुळा ड्रायव्हर म्हणाला, "काकी, हितं घालू का?" मी म्हणाले, गप चल.
तासगाव ११. भावाकडनं अर्धा किलो बेदाणा घेतला. मोकळ्या हातानं त्रिशलाच्या पोराकडं कसं जायचं. चहा अर्धाच कप.
सांगली १२.

६ फेब्रुवारी, गुरुवार
शंभूराज पुण्यासनं आला. माझा थोरला. म्हणाला, "आई, विट्याचा दवाखाना यादीत हाय. तिथं विम्यात फुकट झालं असतं. हा यादीत न्हाई." यादीबाहेर गेलं तर कंपनी पैसे देत न्हाई. जीव जायची वेळ होती, दुसरीकडं थांबायला सवड नव्हती, असं असलं तरच देती.
मी म्हणाले, नव्हतीच सवड.
तोंडातनं गेलं. उद्या खरं सांगणार.

८ फेब्रुवारी, शनिवार
घरी सोडलं. बिलाला अंकिताच्या नर्सिंगच्या फीचे पैसे मोडले. पोरगी म्हणाली, "आबा बरे झाले न्हवं, मग झालं." ती चिडली असती तर बरं झालं असतं. विम्याचे पैसे जूनच्या आत आले की तिची फी तिला.
आज शंभूराजला सांगणार होते. पण तो जेवत होता. जेवत्या माणसाला असलं सांगू नये.

९ फेब्रुवारी
शंभूराज गेला. असलं फोनवरबी सांगू नये.
आजपासनं चहात साखर बंद. खरं सांगेपर्यंत.

११ फेब्रुवारी
गूळ घातला. गूळ म्हणजे साखर न्हवं.

२४ फेब्रुवारी, सोमवार
कंपनीचं पत्र. अंकितानं वाचलं. दवाखाना यादीबाहेरचा, सबब क्लेम नामंजूर. ह्यांनी विचारलं, "काय म्हणत्यात?" मी म्हणाले, कळवतो म्हणत्यात.

२५ फेब्रुवारी
अंकिता परत अर्ज लिहायला बसली. मला विचारलं, "आजी, विट्याला का थांबला न्हाईसा?" मी म्हणाले, आबांचा रंग उडालेला, मला रस्ता दिसंना, कुठलं विटं आन् कुठलं काय. पोरीनं सगळं लिहून घेतलं. "वाटेत थांबण्यास क्षणाचीही सवड नव्हती." वाक्य लय छान झालं. वाचताना मलाच रडू आलं.
हे कॉटवर भिंतीकडं तोंड करून पडलेले. गाडीत तेबी होते. पन्नास वर्षांत ह्यांना एक कळलंय, कवा बोलायचं न्हाई ते.
तसं बघितलं तर मी खोटं न्हाई बोलले. सवड नव्हतीच. होती ती बेदाण्यात गेली.

१८ मार्च, मंगळवार, दुपार
आज लय चांगला दिवस. कंपनीची माणसं घरी आली. वीरधवल साहेब आणि प्रियदर्शनी मॅडम. दोघंबी उन्हातनं मोटरसायकलवर. अंकिता क्लासला गेलेली. मी म्हणाले, बरं झालं, पोरीला त्रास नको, मीच निस्तरते. थालीपीठ केलं, लोणी घातलं. मॅडमचं आजोळ जतकडचं निघालं. मग काय, घरचीच झाली.
साहेब म्हणाले, "आवं आजी, त्या दिवशी किती वाजता निघाला, किती वाजता पोचला, काय आठवतंय का?"
मी म्हणाले, आठवायचं कशाला. माझ्याकडं लिहिलेलं हाय.
डायरी दिली. मागचं पान मीच उघडून दिलं. दोघांनी एकदम डोकी घातली. मॅडम साहेबांकडं बघून हसल्या. साहेबांनी थालीपीठ खाली ठेवलं. मॅडमनी पानाचा फोटो काढला, मग परत एक जवळनं. माझ्या अक्षराचा आजवर कुणी फोटो काढला नव्हता. साहेब म्हणाले, "आजी, एवढं व्यवस्थित कुणी लिहीत न्हाई."
काम झालं म्हणायचं. चहात दोन चमचे साखर घातली.

त्याच दिवशी, संध्याकाळ
अंकिता आली. मी सगळं सांगितलं, फोटोचंबी. ती म्हणाली, कुठलं पान, बघू. उभ्यानंच वाचलं. मग बसली. परत वाचलं.
मला वाटलं ओरडंल. ओरडली न्हाई. म्हणाली, "आजी, चहा अर्धाच कप होता व्हय?"
मी व्हय म्हणाले.
हे कॉटवरनं म्हणाले, "पुरा होता. मला तेवढ्यात दोनदा घाम सुटला."
फेब्रुवारीपासनं ह्या गोष्टीवर पहिल्यांदा बोलले. माझ्याकडं बघितलं न्हाई. अंकितानं त्यांच्या अंगावर चादर घातली, गोळी दिली, डायरीत पुढनं वेळ लिहिली. मागचं पान फाडलं न्हाई. मीच म्हणाले फाड. ती म्हणाली, "आता फोटो कंपनीकडं हाय की."
बरणीतला बेदाणा मूठभर उरलाय. कुणी खाईना.
शंभूराजला फोन लावला. फोनवर सांगू नये म्हणून नुसतं ये म्हणाले.
साहेब-मॅडम परत येणार म्हणालेत, घरातलं कर्तं माणूस असू द्या म्हणून. शनिवारी, बावीस तारखेला, सकाळी अकरा वाजता.