जाळीच्या कपाटातला सरडगुहिरा

११ एप्रिल २०२५, शुक्रवार
लिहायचं कारण एकच. आज सकाळी गल्लीसमोर मी एक वाक्य बोलले आणि ते आता मागे घेता येत नाही. उद्या कोणी म्हणायला नको की मी बोललेच नव्हते, किंवा जास्तच बोलले होते. म्हणून ही वही.

घटना अशी. आमच्या मागच्या अंगणातल्या कण्हेरीवर सरडगुहिरा (रंग बदलणारा सरडा, इंग्रजीत कॅमेलिऑन) आला. शेजारचे आप्पाराव काठी घेऊन धावले. त्यांचं म्हणणं, हा माणसाकडे बघून नुसती फुंकर मारतो अन् माणूस वाळून जातं. मी म्हणाले, तुम्ही तंबाखू थुंकता त्याने माझी कण्हेर वाळली, त्याचं काय? काठी धरली. जमलेल्या सगळ्यांना सांगितलं, हा निरुपद्रवी प्राणी आहे, मी बी.एस्सी. झूलॉजी आहे, पंधरा दिवस पाळून दाखवते. आप्पाराव म्हणाले, "पाळा वैनी. अन् मेलं तर आमी काय समजायचं?" मी म्हणाले, माझी डिग्री खोटी समजा.

पंचेचाळीस वर्षं ती डिग्री लोखंडी कपाटात पडून आहे. आमच्या कापडदुकानाला झूलॉजी लागत नाही.

प्राणी अत्यंत किळसवाणा. एक डोळा माझ्यावर, दुसरा आप्पारावांवर. कातडी जुन्या रेक्झिनसारखी. मी चिमट्याने धरायला गेले तर फुगला. छबुबाईने (आमच्याकडे अकरा वर्षं भांडी घासते) वाळकी फांदी पुढे केली, त्यावर चढला. योगायोग.

१२ एप्रिल
निवासाची सोय. फ्रिज नव्हता तेव्हा दूध-तूप ठेवायचं जाळीचं कपाट अडगळीत होतं. ते घासून मागच्या ओट्यावर ठेवलं. हे म्हणाले, "माझ्या आईचं आहे ते." त्यात झुरळं होती तेव्हा आईची आठवण झाली नाही.

शिवानीला (मुलगी, पुण्याला असते) माहिती मागितली. तिने इंटरनेटवरचं एक इंग्रजी पान पाठवलं. परदेशी आहे. हवा किती, फांद्या कशा, दिवा कुठे, सगळं मुद्देसूद. खाली तिचा स्वतःचा लांबलचक मेसेज होता, "आई, पण आधी" असा सुरू होणारा. पण-ने सुरू होणारं मी वाचत नाही.

१३ एप्रिल, दुपारी २
दिवा. पानात स्पष्ट लिहिलंय, उष्णता देणारा बल्ब हवाच. धारूरच्या बाजारात तीन दुकानं पालथी घातली. सगळीकडे एलईडी. दुकानदार वर अभिमानाने सांगतो, गरमच होत नाही. शेवटी कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला लावतात तो बल्ब चौसाळ्याहून मागवला. खोक्यावर कोंबडी छापलेली. खोकं दाराबाहेरच फेकलं. आमचं घर लिंगायत, घरात एक आजन्म शाकाहारी माणूस लिंगपूजा करतो.

जोडायला महांतेश इलेक्ट्रिशियन आला. "काकू, भाईर बेचाळीस डिग्री हाय. याला अजून गरम कावून करायचं?" मी पान दाखवलं. म्हणाला, "हे तिकडचं हाय काकू, बर्फातलं." विज्ञानाला इकडचं-तिकडचं नसतं, एवढं सांगून वाटेला लावला.

बल्ब लावला. दहा मिनिटांत सरडगुहिरा फिकट पडला, मग तोंड उघडून बसला. समाधानाने जांभई देत असावा.

१५ एप्रिल
आहार. पान म्हणतं, जिवंत किडे. दोनदा वाचलं, दोन्ही वेळा ताट बाजूला सरकवलं. हे ताटावरून म्हणाले, "गळ्यात लिंग अन् ओट्यावर कत्तलखाना?" लग्नानंतर पहिल्यांदाच यांचं बरोबर निघालं. निर्णय: भिजवलेली मटकी. प्रथिनं तीच. सवय लावली की काहीही खातात. यांना दुधीची लागलीच ना.

पाणी स्टीलच्या वाटीत ठेवलं. पीत नाही. छबुबाई म्हणते, "आक्का, वाटीतलं पाणी त्याला दिसतच न्हाई. पानावरचे थेंब चाटतंय ते. आमच्या रानात लई हायेत." मी विचारलं, हे कोणत्या पुस्तकात आहे? ती परत भांडी घासायला लागली. अडाणीपणाला पुरावा मागितला की असंच होतं.

१७ एप्रिल
मटकीला तोंड लावलेलं नाही. अंग काळपट, डोळे खोल. फांदीवरून हलत नाही. हट्टी आहे. मीही हट्टी आहे, पण माझ्याकडे कारण आहे.

आप्पाराव भिंतीवरून डोकावून रोज विचारतात, "वैनी, आज कितवा?" आणि थुंकतात. हा माणूस वर्षाला एक तांब्या तरी माझ्या भिंतीवर थुंकत असेल.

दुपारी झोपले नाही. तीनदा उठून कपाटाशी गेले. काळजी म्हणून नव्हे. नोंदीसाठी.

१९ एप्रिल, सकाळी ९
यश. वाटी रिकामी! एकही मटकी शिल्लक नाही. अंगावर हिरवी झाक. डोळे बाहेर आलेले, नेहमीसारखे बीभत्स. यांना उठवून दाखवलं. हे म्हणाले, उद्यापासून त्याच्यासोबत मलाही मटकीच देणार का?

दुपारी बल्ब बंद सापडला. होल्डरमध्ये सैल झालेला. महांतेशचं काम. मी फडक्याने धरून घट्ट केला.

२१ एप्रिल
वाटी रोज रिकामी. बल्ब रोज दुपारी सैल. महांतेशला फोनवर झापलं. म्हणतो, "काकू, बल्ब आपोआप फिरत न्हाई. कुनीतरी फिरवतंय." कामचुकार माणसाकडे उत्तर आधी तयार असतं, हत्यार नंतर सापडतं.

कपाटातल्या पानांवर पाणी दिसतं. शेजारी माठ आहे, तो पाझरत असणार.

विष्ठा तपासली. नाकाला पदर लावून. त्यात बारीक पायासारखं काहीतरी निघालं. मटकीचा मोड.

छबुबाई हल्ली लवकर येते. आज तिच्या पदराच्या गाठीत काहीतरी हललं. विचारलं तर म्हणाली, भाकर हाय आक्का. काय त्या घरची स्वच्छता असेल! भाकरीची कल्पना करूनच मी सकाळचा चहा टाकून दिला.

२२ एप्रिल
वन खात्याच्या कार्यालयाला अर्ज पाठवला. स्वच्छ अक्षरात, एक पान. आशय: अर्जदार बी.एस्सी. असून तिने आदर्श निवास व प्रकाशयोजना करून देशातील पहिला शाकाहारी सरडगुहिरा तयार केला आहे. तरी प्रत्यक्ष पाहणी करून प्रमाणपत्र द्यावे. सोबत फोटो. शुक्रवारी, पंधराव्या दिवशी आलात तर बरं, असंही लिहिलं. एक झेरॉक्स आप्पारावांना दिली. त्यांनी ती वाचण्यासाठी तंबाखू थुंकून टाकली. तेवढा आदर पुरे.

अर्जाचा फोटो शिवानीला पाठवला. लगेच चार मिस्ड कॉल. अभिनंदन काय, सवडीने घेईन.

२४ एप्रिल
उद्याची तयारी. कपाटाला गेरूचा हात दिला. गल्लीत सगळ्यांना सांगितलं. प्राणी आज चक्क हिरवागार आहे. मी जवळ गेले तर एक डोळा फिरवला. आधीइतका वाईट वाटला नाही. उन्हाचा परिणाम असेल, माझ्यावर.

२५ एप्रिल, शुक्रवार, संध्याकाळी ६
क्रमाने लिहिते.

वनरक्षक आले. परमेश्वर नाव. चहा नको म्हणाले. अंगणात सगळी गल्ली. आप्पारावांनी घरून खुर्ची आणली होती. परमेश्वर यांनी आधी बल्बकडे बघितलं, मग आभाळाकडे, मग माझ्याकडे. म्हणाले, "मॅडम, हा संरक्षित प्राणी हाय. घरात ठेवणं गुन्हा हाय. तुमी स्वतःच अर्ज केला म्हणून स्वतःहून ताब्यात दिला असं लिहितो."

शिवानीच्या मेसेजमध्ये बहुतेक हेच होतं. हे म्हणाले, बहुतेक नाही, हेच होतं. यांनी तेव्हाच वाचला होता.

मी म्हणाले, कायदा मान्य, पण शास्त्रीय भाग नोंदवून घ्या. आहार मटकी. परमेश्वर यांनी सरडगुहिऱ्याला फांदीसकट वर उचलून उलटसुलट पाहिला. "मॅडम, या उन्हात बल्बाखाली अन् मटकीवर हे चार दिवस टिकलं नसतं. हे तर ठणठणीत हाय. खरं कोण बघतंय याच्याकडं?"

छबुबाई मोरीतून उठली. हाताला भांड्यांची राख तशीच. तिने सांगितलं, बल्ब तीच सैल करायची. पानांवर पाणी तीच शिंपडायची. रानातून नाकतोडे पदरात बांधून आणायची. मटकी चिमण्यांना टाकायची.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, "सांगितलं हुतं आक्का. तुमी पुस्तक मागितलं. अन् तुमी सगळ्यांम्होरं बोलून बसल्या होत्या. मेलं असतं तर लोकं तुमाला हसले असते."

आप्पाराव खुर्चीतून म्हणाले, "वैनी, डिग्री खरी हाय. फक्त कुनाची हाय ते बघा."

मी परमेश्वर यांना म्हणाले, कपाट आणि बल्बही घेऊन जा.

कपाट आणि बल्ब परमेश्वर यांनी नाकारले. म्हणाले, त्याला झाड लागतं, ते आमच्याकडं हाय. किल्ल्याकडच्या उतारावर सोडणार आहेत. प्राणी त्यांच्या हातातली फांदी सोडेना, फुगून बसला. छबुबाईने हात पुढे केला, तेव्हा तिच्या मनगटावर आला आणि तिथून पिशवीत गेला. पिशवीत जाताना त्याचे दोन्ही डोळे मागे वळले होते. माझ्याकडे नव्हे.

ताबा पावतीची नक्कल उतरवून ठेवते.

ताब्यात दिलेली वस्तू: सरडगुहिरा, नग एक, जिवंत, प्रकृती उत्तम.
आहार: नाकतोडे. (मटकी खोडली आहे.)
देखभाल करणार व ताबा देणार: छबुबाई. (आधी लिहिलेलं माझं नाव खोडलं आहे.)

छबुबाईने पेन घेतलं आणि सही केली. सरळ, पूर्ण नावाची. तिला सही येते हे अकरा वर्षांत मला माहीत नव्हतं.

साक्षीदार म्हणून खाली मी. सही इंग्रजीत केली.