डाव्या हातातली घूं घूं

१० फेब्रुवारी २०१९, रविवार
आणि मी काय हौस म्हणून हात मोकळा ठेवलाय व्हय! पाचोडच्या भर बाजारात आत्याबाई म्हणल्या, "माझा लेक जित्ता असून सुनेच्या हातात बांगडी नाय." उजव्या हातात डझनभर हायत, त्या नाय दिसत! दोन्ही किडन्या गेल्या. डाव्या मनगटात शीर जोडली, तिथंच सुया टोचून औरंगाबादला मंगळवार-शुक्रवार रक्त धुतेत. त्या हाताला दाब नको, बांगडी नको.

सिस्टरनं ही वही दिली, पाणी किती पिलं ते लिहायला. आज अर्धा लिटर. बाकी पान कोरंच राहतं, म्हणून हे.

१२ फेब्रुवारी, मंगळवार
चार तास मशीनवर. शेजारच्या खाटंवरची वच्छलाबाई आली नाय. मी विचारलं नाय.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार
मनगट कानाला लावलं की घूं घूं वाजतं, डबीत भुंगा कोंडल्यावानी. सिस्टर म्हणली, "मावशी, थांबलं की तसंच निघून यायचं." एका भुंग्याच्या जिवावर जगायचं! उडून गेला तर सुटंल मी. — वाईट लिहिलं. लिहिलं तर लिहिलं.

२० फेब्रुवारी, बुधवार
उद्या पोरीचं लग्न. कासार आला. मी उजवा हात पुढं केला. आत्याबाई म्हणल्या, "दोन्ही!" जाऊ द्वारकाबाई हसली, "कन्यादान काय मोकळ्या हातानं करती व्हय?" मी यांच्याकडं बघितलं. डाक्टरचं यांनी बी ऐकलंय. हे म्हणले, "एका दिवसानं काय व्हतंय? पाहुणे बघतेत."

हात सुजल्याला. दाबून दाबून सहा चढवल्या. खरं लिहिते — हिरवा हात बघून मला बी बरं वाटलं.

२१ फेब्रुवारी, गुरुवार
अक्षता पडल्यावर मनगट कानाला लावलं. काय नाय. वाजंत्र्यामुळं असंल. वाजंत्री थांबल्यावर परत लावलं. नाय! पोरीला सासरी वाटं लावायची व्हती. कुणाला बोलले नाय.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार
शीर बंद पडली. बांगड्या निघंनात, सिस्टरनं फोडल्या. नवरा शेजारी उभा असताना! रक्त धुवायला मानंत नळी घातली. डाक्टर म्हणले, आता उजव्या हाताला शीर जोडावी लागंल, अन् डाव्याला बी परत दाब नको.

२४ फेब्रुवारी, रविवार
अहो, हे पान फाडून तुमच्या सदऱ्यात ठेवते. तोंडानं सांगितलं की उठून जाता. मंगळवारी डाक्टरला हो का नाय सांगायचंय. दोन्ही हात मोकळे असल्याली बायको चालती का — आईसमोर, मोठ्यानं, उद्या दिवे लागायच्या आत सांगा. नायतर मी औरंगाबादच्या गाडीत बसणार नाय.