मागच्या बाजूचं नाव

१ एप्रिल १९९७

यिशायला नाव हवंय. मुलाला नाही, पोर्टफोलिओला.

सकाळी साहेबाने ऑफिसातलं सगळं काम थांबवून आम्हाला त्याच्या खोलीत बोलावलं. पुढच्या वर्षी मंत्रालय दक्षिणेतल्या जुन्या इमारतींचं मोठं काम एकाच आर्किटेक्टला देणार आहे. ज्याचं कामांचं पुस्तक चांगलं, त्याला काम. "नकाशे आहेत, फोटो होतील. नाव पाहिजे." मग माझ्याकडे बोट. "ब्राखा, तू साहित्य शिकलीयस ना?"

शिकले. मुंबईत, मराठी घेऊन बी. ए. मग इथे इस्राएलला आले आणि बीरशेबाच्या सरकारी वर्गात नकाशे काढायला शिकले. इतकी वर्षं याच्याकडे रेघा मारतेय, साहित्य त्याला आज आठवलं.

आम्ही काय बांधतो? ममाद. जुन्या ब्लॉकच्या पाठीला एकावर एक चिकटवलेल्या जाड काँक्रीटच्या खोल्या. लोखंडी झडप, हवाबंद दार. क्षेपणास्त्रं आली की आत बसायचं. एक्याण्णव साली इराकच्या विषारी वायूच्या भीतीने लोक न्हाणीघरात दाराखाली ओले टॉवेल लावून बसले होते. पुन्हा तसं बसायला लागू नये म्हणून ही खोली. दिसायला वाईट, पण कामाची. तिला गोड नाव कशाला?

यिशायने फळ्यावर लिहिलेली नावं — 'मिठी'. 'भिंतींची कूस'. 'काँक्रीटचं काळीज'.

डबा तसाच परत आणला. जेवण गेलं नाही.

४ एप्रिल

ओफाकिमला आईकडे. पुस्तकात पहिला ब्लॉक तिचाच घ्यायचा आहे. एका उभ्या ओळीत चार घरं, चार सह्या हव्यात. तिघांनी केल्या. आईने नाही.

"मला नको खोली."

"सगळ्यांनी घेतली, आई."

"घेऊ दे. आय डोन्ट वाँट."

"पण का?"

"नको म्हंजे नको. सिग्नेचर मागायला आलीस की आईला भेटायला?"

मला कळतं का ते. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी. खोल्यांचा तो मनोरा बरोबर तिथेच उभा राहणार, खिडकी फोडून तिथे ममादचं दार होणार. बाकी कुठे जागा नाही, मीच मोजून आलेय. त्या खिडकीशी बसून मी हिब्रू शिकले. बाहेर उघडं माळरान, चार निलगिरी, पलीकडे काही नाही. आई मागे नारळ खवत असायची. रेवदंडा सुटलं, भायखळा सुटलं, तिला एवढा उजेड तेवढा मिळाला. ती असलं काही बोलायची नाही. तिच्या पिढीला बोलता येत नाही.

जिन्यात झेहावाने गाठलं. ही आईच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहते, मोरोक्कोची, आवाज खणखणीत. "तुझ्या आईला सांग, माझ्याकडे सहा नातवंडं आहेत! तिने खाली अडवलं तर मी वर काय हवेत बांधू? तुम्ही इंडियन लोक — हसत हसत नाही म्हणता!"

तिचं बरोबर आहे. म्हणूनच जास्त राग आला.

१३ एप्रिल

आजचं नाव 'नशिमा' — श्वास. हवा आत येऊ नये म्हणून जी खोली बांधायची, तिचं नाव श्वास! यिशाय डोळे मिटून म्हणाला, "ऐक, कसं वाटतं. न-शि-मा."

मी ऐकलं. शिसारी आली.

१५ एप्रिल

मी माझं नाव दिलं : 'ओफाकिम, मागची बाजू'. आहे ते सांगतं. जास्त काही मागत नाही.

यिशाय म्हणाला, "हा विजेच्या बिलावरचा पत्ता आहे."

निदान बिल पोचतं तरी!

२ मे

सुचलं. बाजूच्या दोन्ही भिंती तळापासून वरपर्यंत जाऊ द्यायच्या, वर झेहावाचं आणि शेवटच्या मजल्याचं वजन त्या पेलतील. आईच्या मजल्यावर फक्त समोरची भिंत घालायची नाही. खोली नाही, नुसती उघडी पोकळी. मागे खिडकी जशीच्या तशी. इंजिनियरने दोनदा तपासलं, कुरकुरला, हो म्हणाला.

आईला कागद दाखवला. तिने चष्मा लावलाच नाही.

"आत कोण येणार नाही ना घरात?"

"कोणी नाही. तुझ्या खिडकीला कोणी हात लावणार नाही."

"मग आण. कुठे करू सिग्नेचर?"

एका मिनिटात. मी किती आठवडे मनातल्या मनात भांडत होते! परतीच्या बसमध्ये रडू आलं. खूप वर्षांनी एक रेघ तरी कुणासाठी मारली असं वाटलं.

१९ जून

खोदकाम सुरू. यिशायची नवी नावं : 'सावलीचं घर', 'आईपण'. फळा पुसायचं फडकं मी लपवून ठेवलं असं तो म्हणतो. उलट आहे. पुसायला मीच आणलं होतं.

१४ नोव्हेंबर

मनोरा झाला. यिशाय आज पहिल्यांदा बघायला आला — इतके महिने त्याला वेळ नव्हता. गाडीतून उतरला आणि वर बघत उभाच राहिला. राखाडी भिंतींत मधेच ती उघडी पोकळी, आत आईची खिडकी, खिडकीत बरणी.

"हे कोणी केलं?"

"मी. आईला खोली नको होती म्हणून."

"नाही, नाही." त्याने माझा दंड धरला. "हे मुद्दाम केलंय. हे आपलं आहे. ब्राखा, हेच आपलं पुस्तक!"

मग फोटोवाला आणला. मग आईला साडी नेसायला लावली! आईने पांढरी पातळं कधीच पेटीत टाकलीयत, घरात ती फुलांच्या गाऊनमध्ये असते. पेटी उघडून एक काढलं. खिडकीत उभी केली, हातात ताट दिलं. ताट रिकामं होतं.

नंतर म्हणाली, "फोटोवाला मला म्हणतो, हसू नका. हसू नका म्हणे! मग फोटो कशाला काढतोस रे, पासपोर्टला?"

ती हसत होती. मला तिच्याकडे बघवेना. आई म्हणजे काय दाखवायची वस्तू आहे? पातळ मीच घडी करून परत पेटीत ठेवलं.

९ डिसेंबर

नेतिवोत गावातल्या पुढच्या ब्लॉकचा नकाशा. चार मजल्यांचा मनोरा, तिसऱ्या मजल्यावर यिशायने जाड पेन्सिलीने पोकळी काढलेली.

"तिथे कोण राहतं?"

"कोणीतरी राहत असेल."

"त्यांना खोली नकोय?"

"त्यांना विचारू. त्यांना देखावा मिळेल, ब्राखा. ताल मिळेल इमारतीला."

सह्यांची फाइल काढली. तिसऱ्या मजल्यावर एक जोडपं आणि तान्हं मूल. खोली हवी म्हणून सही केलेली. मी समोरची भिंत परत काढली. दुपारी त्याने खोडली. मी परत काढली. संध्याकाळी तो म्हणाला, "दि! पुरे! तुला तुझ्या आईसाठी चालतं, मला नाही चालत?"

मी शाईचं पेन उचललं. उत्तर सोपं होतं. माझ्या आईने नको म्हटलं होतं. हे लोक हो म्हणालेत. एवढाही फरक ज्याला दिसत नाही, त्याच्यासमोर तोंड उघडायचं म्हणजे घाणीत हात घालणं.

भिंत शाईने काढून घरी आले. शाई खोडता येत नाही.

१० डिसेंबर

भिंत राहिली. तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही. फार शांत दिवस गेला.

११ जानेवारी १९९८

नाव ठरलं. 'अवीर' — हवा. मुखपृष्ठावर आई, पोकळीत, रिकामं ताट. खाली बारीक अक्षरात 'दक्षिणेतल्या घरांना श्वास देताना'. म्हणजे तो श्वास शेवटी घुसलाच आत.

माझी मुलगी रेऊत शब्बाथच्या सुट्टीला सैन्यातून घरी आली होती. तिला नमुना दाखवला. मी मराठीत विचारलं, "तुला कसं वाटतं?" तिने हिब्रूत उत्तर दिलं, नेहमीसारखं. "इम्मा, नाव कोणी वाचत नाही. सगळे फोटो बघतात. आजी भारी दिसतेय."

"ती रिकामं ताट धरून उभी आहे, रेऊत."

"नू? मग काय झालं?"

काय झालं ते हिब्रूत सांगता येईना. मराठीत सांगितलं असतं तर तिला कळलं नसतं. उठून भात टाकला.

१ फेब्रुवारी

इराकचं पुन्हा सुरू झालंय. रेडिओवर दुसरं काही नाही. शाळांच्या अंगणात गॅसचे मुखवटे वाटायला रांगा. दुकानांतून चिकटपट्टी आणि प्लॅस्टिकचे ताव संपले. सात वर्षांपूर्वीचा तोच ओल्या टॉवेलचा वास नाकात आला — उगाच, घरात टॉवेल ओला नसताना.

यिशाय घाबरून धावत आला. मला वाटलं, नेतिवोतच्या त्या तान्ह्या मुलाचं काही त्याच्या मनात आलं.

"ब्राखा, 'अवीर' चालणार नाही! लोक हवा म्हटलं की विषारी वायूच आठवतील. छपाई थांबवलीय. दोन दिवसांत दुसरं नाव दे. तुला हवं ते दे!"

देशभर इतकी माणसं मुखवट्यासाठी रांगेत उभी आहेत, आणि याला विशेषण हवंय. इतकी किळस मला कुणाची आली नव्हती. मग लक्षात आलं, हवं ते दे म्हणालाय.

३ फेब्रुवारी

दिलं. 'तीन खोल्या, एक खिडकी'.

त्याने मोठ्याने वाचलं. म्हणाला, "कोरडं आहे." मग म्हणाला, "पण खरं आहे." शेवटी म्हणाला, "घेतलं." खालची श्वासाची ओळही मी काढायला लावली. ताटाच्या फोटोऐवजी फक्त इमारत घ्यायला लावली. दुपारी पान आलं. राखाडी पार्श्वभूमीवर काळी अक्षरं, वर मनोरा. मोजून बघा : तीन खोल्या, एक खिडकी. कुणाला शंका असेल तर ओफाकिमची बस पकडावी.

कॉलेजात आमचे सर निबंधातली विशेषणं लाल पेन्सिलीने खोडायचे. पान शेवटी उपाशी दिसायचं. तसं उपाशी, स्वच्छ पान मी पहिल्यांदा छापलेलं बघितलं, तेही हिब्रूत, यिशायच्या पैशांनी!

आईला फोन केला. "तुझ्या खिडकीचं नाव दिलं पुस्तकाला."

"बरं बरं," म्हणाली. "मुखवटा घेतलास का तू? घे आधी."

८ फेब्रुवारी

छापायला गेलं.

१३ फेब्रुवारी

पुस्तकं आली. ऑफिसात शाईचा वास. यिशायने बाटली उघडली, सगळ्यांसमोर म्हणाला, "नाव ब्राखाचं आहे." मी एक प्रत पिशवीत घातली, आईसाठी. यिशायची किळस आज जरा कमी वाटली. म्हणजे मीही तशीच — कौतुक झालं की मऊ!

२० फेब्रुवारी

ओफाकिमला पुस्तक घेऊन गेले. खाली सिमेंटची पोती, फळ्या. आमचाच ठेकेदार. आईने परस्पर त्याला बोलावलं, पोकळी बंद करून खोली घालायची म्हणून सही केलेली. कुणालाही न विचारता.

"बिल्डिंगातली मुलं म्हणतात, आजीच्या घराचा दात पडलाय. नि झेहावा म्हणते, सायरन झाला की वर माझ्याकडे ये. मी का लोकांकडे जाऊ, माझ्या घरात खोली होत असताना?"

"आणि खिडकी?"

"कसली खिडकी? ती तुला आवडायची गे! तूच बसायचीस तिथे पुस्तक घेऊन. माझ्या डोक्यावर दुपारचं सगळं ऊन, नि ती माळावरची डस्ट भातात."

"मग तेव्हा नको का म्हणालीस?"

"पेसाखचा सण तोंडावर आलेला, सगळं घर घासून ठेवलेलं, नि तू भिंत फोडायला निघालीस! म्हटलं, आता नको. नंतर परत विचारलंस का मला तू?"

विचारलं नव्हतं.