उलट्या प्रदक्षिणेबद्दल काकांना

ब्लॅकटाउन, सिडनी
२६ जुलै २००९

तीर्थरूप भास्करकाकांना,

शैलेंद्रचा साष्टांग नमस्कार. (तो मनातल्या मनात घातला आहे, आमच्या खोलीत चार गाद्या टाकल्यावर साष्टांग घालण्याइतकी जमीन उरत नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, हे आईकडून कळलं. माझी तब्येत उत्तम, फक्त तळपाय भाजलेत, आणि हे पत्र त्याबद्दलच आहे. फोनवर सांगितलं असतं, पण गेले आठ महिने तुम्ही फोनवर आलात की माझं कार्ड नेमकं संपत येतं, हे तुमच्या लक्षात आलं असणारच.

युनिला सुट्टी लागली तरी हा घरी न येता कंबोडियाला गेला, अशी तक्रार आईने केलीच असेल. तिला मी स्वस्त तिकिटाचं कारण सांगितलं. खरं म्हणजे बाबांची रिकामी खुर्ची बघायची माझी तयारी नव्हती. माझा रूममेट स्टीफन (वसईचा, आम्ही एकाच पेट्रोल पंपावर शिफ्ट करतो) तिकडे निघालाच होता, त्याच्या मागे मी गेलो. अंकोरवाटचं देऊळ मूळचं विष्णूचं, सुमारे नऊशे वर्षांपूर्वीचं, आता बुद्धाचं. हजारो लोक बूट घालून आत चाललेले, पण विष्णू म्हटल्यावर मला राहवेना. मी बूट काढले, स्टीफनच्या हातात दिले आणि देऊळ उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणेला निघालो. भोवती लांबच लांब ओवऱ्या, भिंतीवर कोरलेली युद्धं, आणि समोरून अख्खं जग माझ्या अंगावर येतंय! छत्र्या, कॅमेरे, जपानी आजी-आजोबांची सहल. भिंतीवरच्या सेनासुद्धा माझ्याच दिशेने चालून येत होत्या. एवढे सगळे लोक चुकीच्या बाजूने फिरतायत याची मला कीव आली. (मला लंकेची लढाई आधी लागली आणि महाभारत पुढे होतं, म्हणजे क्रमही माझाच बरोबर!) मधल्या उन्हातल्या फरशीवर पाय असे पोळले, की विष्णूला जे काही पुटपुटलो ते स्तोत्र नव्हतं.

मागच्या बाजूला माझे बूट हातात घेऊन समोरून स्टीफन येताना दिसला. "अरे मेट, सगळी पब्लिक इकडून चाललीय, तू एकटाच शहाणा काय?" असं म्हणून त्याने मला एका गाइडबाईंसमोर उभं केलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, की या देवळाचं तोंड पश्चिमेला आहे आणि याच्या भिंती उलट्या फेरीनेच वाचायच्या, माणूस गेल्यावर फिरतात तशा. म्हणजे वसईचा ख्रिश्चन शास्त्राप्रमाणे चालला होता आणि साताऱ्याचा मी तेवढा चुकलो होतो.

काका, मी तिथेच खाली बसलो. खांद्यावर मडकं घेऊन बाबांभोवती मारायच्या तीन उलट्या फेऱ्या तुमच्या ओजसने मारल्या, कारण तेव्हा मी परीक्षेला बसलो होतो आणि मला कोणी सांगितलंच नव्हतं. पेपर संपेपर्यंत कळवायचं नाही, हे तुम्ही ठरवलंत. एस.टी.च्या स्टँडवर आयुष्यभर गाड्या वेळेवर सोडणाऱ्या माणसाने ही एक बातमी अकरा दिवस उशिरा सोडली. मला तुमचा फार राग आला. अजूनही थोडा आहे. पण त्या अकरा दिवसांत मी दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा तुम्हीच उचललात, "दादा झोपलाय" म्हणालात आणि मला क्रिकेटचा स्कोअर सांगितलात. तो स्कोअर सांगणाऱ्या माणसाचा भाऊ गेलेला होता, हे मला त्या दगडावर बसल्यावर पहिल्यांदा सुचलं. तुमचा आवाज एकदाही हलला नव्हता. मला जमलं नसतं.

मग मी उठलो आणि सगळ्यांबरोबर उलटी फेरी पूर्ण केली, अनवाणीच. स्टीफन बूट घेऊन मागे चालत होता. संध्याकाळी नाइट मार्केटमध्ये त्याने माझे पाय पाण्याच्या एका टाकीत बुडवले आणि शेजारी स्वतःचेही सोडले. तिथे मासे येऊन मेलेली कातडी खातात म्हणे. सगळे मासे स्टीफनच्या पायांकडे गेले (वसईच्या माणसाला त्यांनी लगेच ओळखलं), माझ्याकडे एकही फिरकला नाही. शेजारच्या दुकानातून तुमच्यासाठी चौकड्यांचा एक सुती पंचा घेतलाय. तिथले म्हातारे तो खांद्यावर टाकतात. तुम्हाला शोभेल.

काकूंना नमस्कार, ओजसला आशीर्वाद नको, धन्यवाद सांगा.

तुमचा,
शैलेंद्र

ता. क. पंचा पोस्टाने पाठवत नाही. बाबांच्या वर्षश्राद्धाला घेऊन येतो. गुरुजी सांगतील ते मी करीन, पण तुम्ही शेजारी बसा.

ता. क. २. ज्या पेपरासाठी तुम्ही एवढं सोसलंत, त्यात मी नापास झालो होतो. घरी पास सांगितलं. तो पुन्हा द्यायचाय आणि नेमका वर्षश्राद्धाच्याच आठवड्यात आहे. या वेळी पेपर सोडून येतोय. आईला एवढ्यात कळवू नका. अकरा दिवसांनी सांगितलंत तरी चालेल.