अख्खी खोली मावणारी लेन्स

आई, माझ्या लग्नाच्या दिवशी तू सकाळपासून त्या लेन्सच्याच मागे होतीस. पप्पा गेल्यावर त्यांचा स्टुडिओ तू चालवलास, वसईतली कितीतरी लग्नं कॅमेऱ्यात घेतलीस. घरात आपण तिघीच. तू, मी आणि पाचूबंदरची तुझी आई, जी खाटेवरून उठत नव्हती. मी सासरी गेले की तुझं कसं होणार, या धास्तीने मला घास गोड लागत नव्हता. आणि तू? मामाने बहारीनहून आणलेली वाइड लेन्स हातात पडली नि तुला जगाचं भान उरलं नाही.

मी आरशासमोर बसलेय, करवल्या माझ्या केसांवर पांढरा जाळीचा व्हेल टाचतायत. तू गाऊनवरच, केस मोकळे, आपल्या वर-खाली दोन भिंगांच्या कॅमेऱ्याची जुनी लेन्स काढून नवी बसवतेस. कॅमेरा पोटाशी धरून वरून त्याच्या काचेत डोकावतेस आणि किंचाळतेस, "अगो बाई, बघ बघ! अख्खी खोली मावली!" मीही उठून डोकावले. खरंच मावली होती. जुन्या लेन्सने आजीची खाट घेतली तर बाकी माणसं बाहेर राहायची, मागे सरकावं तर पाठीला भिंत. आता खाट, कपाट, दार, दाराबाहेरची केळ, सगळं त्या काचेवर लख्ख. कडेलासुद्धा कुठे धुरकट नाही. माझ्याही तोंडून "अय्या!" निघालं. मग माझी मीच चिडले. "आई, लग्न माझं आहे, लेन्सचं नाही! साडी नेस आधी!"

"नेसते गं! आजीला काही चर्चमध्ये नेता येत नाही. तिच्याबरोबर फोटो नको तुझा?"

मग आम्ही सगळ्या खाटेभोवती बसलो. हलू नका, इकडे बघा, अजून एक, असं करत तू सुटलीसच. बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवून थकला. आजी मघापासून डोळे बारीक करून तुझ्याकडे बघत होती. ती म्हणाली, "अगो, वरचा डोला उघडा हाय, पन खालच्याला झाकन हाय. त्यातना फोटो निंगतो काय?"

आपल्या कॅमेऱ्यात बघायचं वरच्या भिंगातून, फोटो निघायचा खालच्यातून. नव्या लेन्सच्या नादात तू खालचं झाकण काढलंच नव्हतंस. रोल जवळजवळ सगळा काळोखात गेला, एकच फोटो उरला. तू कपाळावर हात मारलास आणि अशी हसत सुटलीस की आजीलाही खोकल्यासकट हसू आलं. झाकण काढलंस आणि तो उरलेला फोटो त्याच हसण्यात निघाला. आजीचा तसा हसरा फोटो दुसरा नाही.

पप्पांच्या मागे तुला इतकं खळखळून हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. संध्याकाळी मंडपातून निघताना सगळ्या मावश्या रडत होत्या. तू नव्या साडीत, मान खाली, कॅमेरा पोटाशी. "थांब गं जरा, गाडीसकट मावतेस!" माझी धास्ती तिथेच उतरली. हिला अजून खूप बघायचंय, ही राहील नीट, असं वाटलं. आणि राहिलीसही.

आता तू गेलीस तिथे ही चिठ्ठी टाकायला पत्ता असता तरी मी टाकली नसती. कारण शेवटी खरं लिहावं लागतंय. त्या संध्याकाळी तू माझ्यासाठी थोडं तरी रडावंस, असं मला वाटत होतं. अजून वाटतं.